घरचा सर्व्हर आणि त्याचा फिरता पत्ता

गेल्या काही वर्षांत आपल्या ग्रामीण भागात एक नवे साधन हळूहळू रुजू लागले आहे. द्राक्षबागेत हवामान नोंदविणारे यंत्र, विहिरीच्या पाण्याची पातळी मोजणारा संवेदक, कांदाचाळीतील उष्णतामान व आर्द्रता टिपणारे उपकरण, गोठ्यावरील कॅमेरा ही साधने अनेक शेतकरी बंधू-भगिनींच्या घरी आता दिसतात. या सर्वांच्या नोंदी एकत्र ठेवण्यासाठी काहीजण घराच्या कोनाड्यात तळहाताएवढा एक संगणक अहोरात्र चालू ठेवतात. त्यासच घरचा सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे दुसरे काही नव्हे. मागेल त्याला माहिती देण्यासाठी सदैव जागा असलेला संगणक. २०१२ साली बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या लहानशा संगणकाने हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणले.

घरात बसून या नोंदी पाहणे सोपे आहे. अडचण येते ती घराबाहेर पडल्यावर. बाजार समितीत, मुलाच्या नोकरीच्या गावी, अथवा तालुक्याच्या कचेरीत असताना घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचावयाचे, तर त्याचा इंटरनेटवरील पत्ता ठाऊक असावा लागतो. आणि हा पत्ता सारखा बदलत राहतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे या बाबतीत वारंवार विचारणा होते व बहुधा समाधानकारक उत्तर मिळत नाही. प्रस्तुत लेखकास हा विषय आपल्या घरच्या नुकसानीतून शिकावा लागला, म्हणून तो अनुभव आधी सांगतो.

ताडपत्री कोणी वर करावयाची?

माझे गाव नाशिक जिल्ह्यात. नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात. घरी आई-वडील असतात. रब्बी कांदा चाळीत भरल्यावर मी चाळीच्या दोन्ही टोकांस आर्द्रता मोजणारे संवेदक बसविले व ओसरीवरील संगणकास जोडून दिले. चाळीत उष्णतामान २५ ते ३० अंश सेल्सिअस व आर्द्रता ६५ ते ७० टक्के राहिली तर कांदा चांगला टिकतो, हे आपण शेतकऱ्यांस सांगतोच. राऊटरमधून दिसणारा घरचा पत्ता मी वहीत लिहून घेतला. तो जवळपास चार महिने बदलला नाही. तेव्हा तो कायमचाच आहे, अशी माझी समजूत झाली.

आषाढात एके रात्री वादळी पाऊस झाला व वीज पहाटेपर्यंत गेली. वडिलांनी पश्चिमेच्या बाजूची ताडपत्री खाली सोडली. ते योग्यच होते, कारण पावसाची झड त्याच बाजूने येत होती. दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर सर्व्हर उघडेना. घरी दूरध्वनी केला.

“अण्णा, ओसरीवरचा डबा बंद पडलाय का, बघा जरा.”

“अरे, चालू आहे की. हिरवा दिवा लुकलुकतोय.”

दिवा लागला म्हणजे यंत्र ठीक असेलच असे नाही, असे मी मनाशी म्हटले आणि पहिली रजा मिळेल तेव्हा दुरुस्त करू असे ठरविले. पंचनाम्यांच्या धामधुमीत नऊ दिवस गेले. घरी पोहोचून फोन घरच्या वायफायला जोडला, तो काय, सर्व्हर क्षणात उघडला! नऊही दिवसांच्या नोंदी एकही खंड न पडता त्यात होत्या. चाळीच्या पश्चिम टोकाची आर्द्रता पहिल्या दिवसापासून ८५ टक्क्यांच्या वर होती. ताडपत्री खालीच राहिली होती, त्यामुळे त्या बाजूचा वारा कोंडला होता. “पोरगा तिकडून बघतोय, काही असेल तर सांगेल,” या भरवशावर वडील निश्चिंत होते. त्या टोकाच्या कप्प्यातील कांदा पुढे निवडून उकिरड्यावर टाकावा लागला.

“मला एक शब्द कळला असता, तर ताडपत्री गुंडाळायला किती वेळ लागला असता रे?” एवढेच ते म्हणाले.

यंत्र बिघडले नव्हते, इंटरनेटही चालू होते. वीज येऊन राऊटर पुन्हा सुरू झाला तेव्हा घरास नवा पत्ता मिळाला होता, आणि मी नऊ दिवस जुन्याच पत्त्यावर दार ठोठावीत होतो.

पत्ता का बदलतो?

इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस आकड्यांचा एक पत्ता असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. १९८१ साली ठरलेल्या व अद्याप सर्वत्र प्रचलित असलेल्या चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. त्या काळी ही संख्या अफाट वाटली असेल. परंतु २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. सेवा देणाऱ्या कंपनीजवळ ग्राहक अधिक व पत्ते कमी, अशी स्थिती असल्याने ती पत्ता विकत नाही, मुदतीने वापरावयास देते. आपण जमीन खंडाने देतो तसाच हा प्रकार. मुदत संपली, जोडणी तुटून पुन्हा जुळली, अथवा वीज जाऊन राऊटर बंद-चालू झाला, की तोच पत्ता परत मिळेल याची हमी नसते. वीज जाण्याचे प्रमाण जेथे अधिक, तेथे पत्ताही वारंवार बदलताना दिसतो. राऊटरला लहानशी बॅटरी जोडणे हा यावर पूर्ण इलाज नव्हे. पण त्याने निम्मा त्रास वाचतो, शिवाय वीज नसतानाही नोंदी बाहेर पाहता येतात. मात्र सर्व्हरही त्याच बॅटरीवर पाहिजे, हे विसरू नये.

काही कंपन्या जादा शुल्क घेऊन स्थिर पत्ता देतात. तो मिळत असेल व परवडत असेल तर घ्यावा, पुष्कळ खटाटोप वाचेल. खेड्यांत मात्र घरगुती जोडणीवर तो दर वेळी मिळतोच असे नाही.

नाव कायम, फेरफार आपोआप

पत्ता बदलणारच असेल, तर पत्ता लक्षात ठेवण्याऐवजी नाव लक्षात ठेवावे, हा यावरील जुना व सरळ उपाय आहे. इंटरनेटचा आरंभकाळ अमेरिकेत गेला. त्या वेळी सर्व संगणकांची नावे व पत्ते यांची एकच यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जात असे आणि एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ती अद्ययावत होई. संगणकांची संख्या वाढताच एका दप्तरातून हे काम निभेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची नोंदवही अनेक ठिकाणी वाटून ठेवणारी पद्धत आखली. ती डीएनएस या नावाने ओळखली जाते. नाव सांगितले की ही नोंदवही आजचा पत्ता सांगते.

या नोंदीत बदल करणे म्हणजे सात-बारावर फेरफार घालण्यासारखे आहे. १९९७ साली हा फेरफार यंत्राने आपोआप करण्याची रीत प्रमाण म्हणून ठरविण्यात आली. तिचा उपयोग करून, अथवा तशाच सोप्या रीतीने, घरचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी नोंदवहीस कळवितो, “मी अमुक नावाचा, आज या पत्त्यावर आहे.” पत्ता बदलला असेल तर नोंद बदलते, नसेल तर तशीच राहते. यास डायनॅमिक डीएनएस म्हणतात. ऊसतोडीला गेलेले कुटुंब मुक्काम बदलला की गावच्या शाळेतील गुरुजींना फोन करून कळविते व पाहुणे गुरुजींकडे चौकशी करतात, त्यातलाच हा प्रकार.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. डकडीएनएस, नो-आयपी अशा सेवांपैकी एकीवर नाव घ्यावे. ती सेवा एक गुप्त संकेत देते. तो संकेत वापरून ठरावीक वेळाने हजेरी देण्याचे काम सर्व्हरवर, किंवा सोय असल्यास राऊटरवरच, लावून द्यावे. हा संकेत ज्याच्या हाती जाईल तो आपल्या नावावर हवा तो फेरफार घालू शकेल. म्हणून तो व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नये. (हा इशारा अनाठायी वाटेल. मी टाकलेला पाहिला आहे.) नोंदीची मुदतही पाहावी. इतर यंत्रे एकदा विचारलेला पत्ता त्या मुदतीपर्यंत स्मरणात ठेवतात. ती ६० सेकंद असल्यास ठीक. दिवसभराची असल्यास पत्ता बदलूनही जग जुन्याच पत्त्यावर जात राहील.

फुकट सेवेविषयी दोन शब्द. डायनडीएनएस ही या क्षेत्रातील जुनी व नावाजलेली सेवा. तिने २०१४ च्या मे महिन्यात फुकट नावे बंद केली. त्याच वर्षी ३० जूनला मायक्रोसॉफ्ट कंपनीने, दुष्ट प्रोग्राम पसरविणाऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी, अमेरिकन न्यायालयाच्या आदेशान्वये नो-आयपीची वीसहून अधिक नावे ताब्यात घेतली. काही दिवसांत ती परत मिळाली. पण तोवर निरपराध ग्राहकांचीही घरे नकाशावरून पुसल्यासारखी झाली. नो-आयपीचे फुकट नाव दर ३० दिवसांनी कायम करावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे. ज्यांचा व्यवहार या सर्व्हरवर अवलंबून आहे, त्यांनी वार्षिक शुल्क भरून स्वतःचे नाव नोंदवावे. सेवा बदलली तरी नाव आपलेच राहते.

पत्ता आपलाच आहे ना?

येथवरचे सर्व मी माझ्या घरी केले व ते चालले. त्या उत्साहात नेमणुकीच्या तालुक्यातील एका शेतकरी गटाच्या शेडनेटवर तीच रचना करावयास गेलो. दोन दिवस खपलो. नाव बरोबर नोंदले जाई, पत्ताही बरोबर दिसे. पण बाहेरून दार उघडेना. गटातील मंडळी शांतपणे चहा पाजत राहिली. दोष रचनेत नव्हता. जी गोष्ट सर्वांत आधी तपासावयाची, ती मी तपासलीच नव्हती. सबब आपल्या कार्यकर्त्यांनी कामाचा आरंभ येथूनच करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

पत्ते अपुरे असल्याने अनेक कंपन्या शेकडो घरांस मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. जुन्या वाड्याची कल्पना करावी. रस्त्यावर दिंडीदरवाजा एक, आत बिऱ्हाडे पुष्कळ. आतला माणूस बाहेर जाऊन परत येऊ शकतो, कारण दरवान त्याला जाताना पाहून ठेवतो. पण बाहेरचा अनोळखी पाहुणा आला तर कोणत्या बिऱ्हाडी सोडावयाचे, हे दरवानास ठाऊक नसते. तो त्याला परत पाठवितो. आपल्या राऊटरमध्ये असाच एक दरवान असतो, पण त्याला आपण सूचना देऊ शकतो. कंपनीच्या दरवानास मात्र आपली सूचना लागू होत नाही. यास सीजीनॅट असे नाव आहे.

तपासणी दहा मिनिटांची आहे. राऊटरच्या माहितीच्या पानावर इंटरनेटच्या बाजूचा, म्हणजे ‘वॅन’ या शब्दापुढील पत्ता पाहावा. मग घरच्याच वायफायवरून ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे सांगणारे एखादे संकेतस्थळ उघडावे. दोन्ही आकडे सारखे असतील तर पत्ता आपल्या घराचा आहे. वेगळे असतील तर मधे आणखी एक दरवान आहे. राऊटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानचा असेल तर शंकाच नको. हा गट २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. १० किंवा १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्तेही घरगुती उपयोगाचेच. ते बाहेरच्या जगात चालत नाहीत. अशा ठिकाणी डायनॅमिक डीएनएसवर श्रम करणे व्यर्थ होय. नाव वाड्याच्या दरवाजापर्यंत नेईल, बिऱ्हाडापर्यंत नेणार नाही.

तेथे उपाय निराळा करावा लागतो. टेलस्केल, झीरोटियर यांसारख्या सेवा घरचा सर्व्हर व आपला फोन या दोघांनाही आतून बाहेर यावयास लावतात, मध्यस्थ म्हणून त्यांची गाठ घालून देतात आणि शक्य तेथे दोघांना परस्पर बोलू देतात. ते न जमल्यास मजकूर मध्यस्थामार्फत जातो, परंतु कुलूपबंद असल्याने मध्यस्थास तो वाचता येत नाही. या रीतीत पत्ता कितीही वेळा बदलो, आपणांस त्याची दादच घ्यावी लागत नाही. सामान्य शेतकऱ्यास मी आता हीच रीत प्रथम सुचवितो. परक्या सेवेवर अवलंबून राहण्याचा दोष तिच्यातही आहे, तरी माझ्या मते तो पत्करण्याजोगा आहे. त्या शेडनेटवर ही जोडणी अर्ध्या तासात झाली.

सहाव्या आवृत्तीच्या आयपी पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही व भारतात तिचा प्रसारही पुष्कळ आहे. घरास व फोनला दोन्हीकडे तो पत्ता मिळत असेल तर वाड्याचा प्रश्न उरत नाही. पण तोही पत्ता बदलू शकतो, तेव्हा नावाची नोंद तेथेही लागते. आणि राऊटरची तटबंदी तेथेही आपणच विचारपूर्वक उघडावी लागते.

दार किती उघडावे?

ज्यांचा पत्ता स्वतःचा आहे, त्यांना राऊटरमध्ये सांगून ठेवावे लागते की अमुक क्रमांकाच्या खिडकीवर आलेला निरोप घरातील अमुक संगणकाकडे न्यावा. तत्पूर्वी त्या संगणकाचा घरातला पत्ता राऊटरमध्येच कायम करून घ्यावा. नाहीतर एके दिवशी तो पत्ता घरच्या दूरचित्रवाणी संचास मिळेल व निरोप तिकडे जाऊ लागतील.

येथे पुष्कळजण एक घातक चूक करतात. कॅमेऱ्याचे किंवा पंपाच्या नियंत्रणाचे पान ते थेट जगास उघडे करतात, त्यावरचा पासवर्डही कारखान्यातून आलेलाच ठेवतात. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने असेच पासवर्ड वापरून जगभरातील कॅमेरे व राऊटर लाखांनी काबीज केले आणि त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी एका कंपनीवर हल्ला चढविला. ती कंपनी म्हणजे वर उल्लेखिलेली डायनडीएनएस सेवा चालविणारीच. तिच्या आधारावर असलेली कितीतरी मोठी संकेतस्थळे त्या दिवशी काही तास उघडेनात. ज्यांच्या कॅमेऱ्यांनी हे केले, त्या घरमालकांस त्याची वार्ताही नसावी.

म्हणून खिडकी एकच उघडावी, तीही वायरगार्डसारख्या कुलूपबंद मार्गाची. हा प्रोग्राम २०२० पासून लिनक्समध्ये अंगभूतच आहे. ज्याच्याजवळ योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही; बाहेरून पाहणाऱ्यास तेथे भिंत आहे की खिडकी, हेही उमगत नाही. एक बारकावा लक्षात ठेवावा. फोनमधील वायरगार्ड बहुधा जोडणी सुरू करतानाच नावावरून पत्ता शोधतो. मधेच पत्ता बदलला तर जोडणी एकदा बंद करून पुन्हा चालू करावी. मला हे कळण्यापूर्वी मी दोन वेळा वडिलांना विनाकारण राऊटर बंद-चालू करावयास लावले.

पंप दुरून चालू करण्याची सोय असेल, तर कुलूप कितीही पक्के असो, विहिरीत वा मोटारीजवळ कोणी नाही याची तेथील माणसाकडून फोनवर खात्री केल्याखेरीज बटन दाबू नये.

आत जाण्याची गरज आहे काय?

एवढा सगळा विचार केल्यावर मला असेही वाटते, की आपल्या बहुतेक शेतकऱ्यांना घरच्या सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याची रोज गरज नसते. त्यांना हवी असते वेळेवर सूचना. आतून बाहेर जाण्यास पत्ता लागत नाही व कोणताही दरवान अडवीत नाही. आर्द्रता ठरावीक मर्यादेपुढे सलग दोन तास राहिली, की सर्व्हरनेच टेलिग्रामवर निरोप धाडावा, एवढी योजना पुष्कळ ठिकाणी पुरते. मी तसा प्रोग्राम लिहिला आणि निरोप माझ्याबरोबर वडिलांच्या फोनवरही जाईल असे केले. ताडपत्री गुंडाळणारे हात तेथे आहेत, माझ्याजवळ नाहीत. रोज सकाळी सहा वाजता “सर्व ठीक” असाही निरोप येतो. तो आला नाही, तर त्या दिवशी काहीतरी बिनसले आहे असे समजावयाचे. याची जाणीव मला नऊ दिवसांनी झाली होती.

रचना कोणतीही केली तरी तिची परीक्षा घेतल्याशिवाय शेतकऱ्याच्या स्वाधीन करू नये. फोनचे वायफाय बंद करून मोबाईलच्या जाळ्यावरून सर्व्हर उघडून पाहावा, कारण घरच्या वायफायवर तो उघडतो याने काहीच सिद्ध होत नाही. उलट, काही राऊटर आतल्या माणसाला बाहेरच्या नावाने परत आत येऊ देत नाहीत, त्यामुळे रचना ठीक असूनही घरात बसून ती बिघडलेली भासते. त्यानंतर राऊटरची वीज काढावी, थोड्या वेळाने पुन्हा द्यावी आणि पत्ता बदलला का हे पाहून घड्याळ लावून बसावे. तो बदलला नसेल तर हीच कृती पुन्हा करावी. नव्या पत्त्यावर त्याच नावाने सर्व्हर उघडेपर्यंत किती मिनिटे गेली, हे राऊटरच्या पाठीवर कागद चिकटवून लिहून ठेवावे. त्याखाली नाव कोणत्या सेवेवर आहे व ते केव्हा कायम करावयाचे, ती तारीख लिहावी. आमच्या ओसरीवरच्या कागदावर ‘सहा मिनिटे’ असे वडिलांच्या अक्षरात लिहिले आहे.